तळाचा रकाना

बुधवारी संध्याकाळी दिवाळ्यात, आमच्या ओट्यावर
नकाशा पसरला. खाडीला ओहोटी होती,
कागद चारही कोपऱ्यांनी उठून बसायला बघत होता,
म्हणून आतून बाबांच्या जुन्या पागाचं शिसं आणलं,
करंगळीच्या पेराएवढे मणी, मिठाने पांढरे पडलेले,
आणि माळशेज जागच्या जागी बसला.

तीन गाड्या, आठ माणसं, दोन रात्री.
जसबीरची जिप्सी, कळंबोलीत जिचा तीनदा पुनर्जन्म झाला,
कुरियनची नवी कोरी,
चिखल तिने फक्त ऐकलाय,
आणि माझी, जिचा हॅण्डब्रेक म्हणजे चाकाखाली दगड.

सुलेखा शाळेत पी.टी. शिकवते,
त्यामुळे आम्ही हात वर करून बोलतो.
डांबर संपेल तिथे थांबायचं, टायरची हवा अठरावर आणायची.
पुढच्याचा धुरळा बसल्याशिवाय मागच्याने निघायचं नाही.
विंचची तार गेल्या वर्षी तुटली ती तुटलेलीच आहे,
कोण आणणार, यावर सगळे नकाशात बघतात.
तंबू चार. खुंट्या कुरियनने घरी मोजल्यात,
एकतीस. बत्तिसावी कुठे गेली यावर वीस मिनिटं.

तारीख मार्गशीर्ष लागायच्या आत हवी,
नाहीतर इम्तियाझ सोडून मासा खाणार कोण?
"पण खायचा नाहीच आहे," कुरियन म्हणाला,
"खडस लागला की फोटो काढून परत पाण्यात."

प्लास्टिकच्या खुर्चीतला रेडिओ बारीक झाला.
"पकरायचा, फोटू कारायचा, न सोरायचा?"
बाबांनी एकेक शब्द जाळ्यातून काढावा तसा काढला.
"मंग त्याला सांगाल काय, कनाला बोलावलेलं?"

जसबीर हसला, मग एकटाच हसतोय हे कळून थांबला.
मी यादीत मीठ लिहिलं. मीठ आधीच लिहिलेलं होतं.

"तल कसा हाय?"
कुठला तळ, बाबा?
"पान्याचा. चिखल हाय का खरक?"

आमच्याकडे चढाचा कोन होता,
वनखात्याच्या चौकीवरच्या माणसाचा नंबर होता,
तो रविवारी फोन उचलत नाही ही माहितीसुद्धा होती.
फुगवट्याच्या निळ्या डागाखाली काय आहे
हे कुणी विचारलंच नव्हतं.
इम्तियाझ हळूच म्हणाला, धरणाच्या आधी तिथे गाव होतं म्हणतात,
एक देऊळ, तीस-चाळीस घरं.

"मंग गल घरांना अरकतील,"
बाबा म्हणाले, अगदी सहज,
पलीकडे भरावाखाली गेलेल्या
आपल्या डोलीच्या खुंटांबद्दल बोलतात तसं,
आणि रेडिओ पुन्हा मोठा केला.

मी यादीत एक रकाना वाढवला: तळ.
त्याच्यापुढे काहीच लिहिता आलं नाही.
सुलेखाने शिट्टी न वाजवता सभा संपवली.
तारीख ठरली, तारेचं काय ते ठरलं नाही.
नकाशाची घडी नेहमीसारखी चुकली.

रात्री पाणी प्यायला उठले तर मोरीतला दिवा चालू,
बाबा पाटावर, चष्मा कपाळावर,
मांडीवर माझा गळांचा डबा उघडा.
हातात कानस. एकेका गळाचा
उलटा काटा घासून सपाट करत होते,
अंगठ्याच्या नखावर ओढून बघत होते,
अडकला की पुन्हा कानस.

काय करताय, असं विचारायचं होतं.
विचारलं, झोप येत नाही का?

"सोरायचाच हाय ना," मान वर न करता ते म्हणाले,
"मंग नीट सोरा. त्याचा तोंड फारू नका."

सकाळी पागाचं शिसं परत ठेवायला गेले,
तर सहाच मणी. नेले होते आठ.
दोन जिप्सीत सापडतील किंवा ओट्याच्या फटीत,
किंवा नकाशाच्या त्या चुकलेल्या घडीत,
जिथे पाणी निळं आहे.