सत्तेचाळीस नंबर

जूनमध्ये हर्णैला होड्या वर ओढल्या
की आमचा सीझन मध्यावर आलेला असतो.
बंदरात कुणालाच कुठं जायचं नसतं,
आणि तिकडं फ्रान्सात साठेक गाड्या
चोवीस तास धावणार असतात
कुठंच न पोचता.

हे वाक्य मुनाफचं.
तो डिझेल पंप दुरुस्त करायचा,
नखांतलं ग्रीस ईदलाही निघायचं नाही.
मी बर्फाच्या फॅक्टरीत हिशोब लिहायचे:
किती लाद्या, कुठल्या होडीला, रोख की उधार.
त्याच वहीच्या मागच्या पानांवर
फेऱ्या मांडायची खोड त्यानंच लावली.
कोण पिटमध्ये आला, किती सेकंद,
टायर बदलले की नुसतं तेल.
मालक एकदा वही घेऊन आले,
म्हणाले, बाई, ही सत्तेचाळीस नंबरची होडी कुणाची?
तीनशे बारा लाद्यांची उधारी दिसतेय.

कॅलेंडरात भरती-ओहोटीशेजारी तांबडे गोल:
सहा तास. आठ तास. बारा तास.
नवरा म्हणायचा, एकादशा तरी एवढ्या नेमानं धर.

टीव्ही फॅक्टरीच्या मागच्या खोलीत.
धर्मा तांडेल टीव्हीकडं पाठ करून जाळं विणत बसायचा.
बघायचं काय त्यात, म्हणायचा, गोल तर फिरतायत.
आणि मध्येच सुई थांबवून:
"ह्या आत्ता गेला त्याचा एक शिलिंडर मारीत नाय."
चार फेऱ्यांनी ती गाडी कडेला, धुरात.
एका वर्षी पंधराव्या तासाला लाइट गेली,
तर त्यानंच होडीची बॅटरी खांद्यावरून आणली
आणि पुन्हा पाठ करून बसला.

एकदाच गेलो आम्ही, खरोखरचे.
मुनाफचा मेव्हणा दुबईला, तिकिटं त्यानं काढली.
जानेवारी. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, तळलेला बांगडा,
सिक्युरिटीवाल्यानं वास घेतला आणि हसला,
तो निघाला केळशीचा.
टीव्हीत दिसत नाही ते सांगते:
वाळवंटात पहाटे तीनला दात वाजतात.
जळक्या ब्रेकचा वास केसांत राहतो, दोन न्हाण्यांपर्यंत.
मेकॅनिक टायरांच्या ढिगावर झोपतात,
तोंडावर टोपी, बूट घातलेलेच,
जशी पोरं झोपतात डेकवर, जाळं ओढायच्या आधी.
एक ड्रायव्हर उतरतो, दुसरा त्याच्या घामात बसतो,
सुकाणू हातातून हातात.

तिथंही एक सत्तेचाळीस होतीच.
पुढचं बॉनेट तारेनं बांधलेलं,
दोन तास गॅरेजमध्ये उघडी पडलेली, मग पुन्हा बाहेर.
रेहाना म्हणाली, आता कशाला? नंबर तर येत नाही.
मुनाफनं तिच्याकडं असं बघितलं
जसं तिनं विचारलं असावं,
होडी परत कशाला आणतात, मासळी नसताना.
ती शेवटून दुसरी आली.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मुनाफनं खिशातलं फडकं काढून हात पुसले.

धर्मा गेला त्याला तीन पावसाळे झाले.
यंदा मुनाफच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन, पडद्याकडं बघायची मनाई.
तोच आता टीव्हीकडं पाठ करून बसलाय,
काळा चष्मा, मांडीवर रिकामे हात.
दर थोड्या वेळानं विचारतो, सत्तेचाळीस?
मी म्हणते, आहे.

दहाव्या तासाला म्हणाला,
खोटं सांगू नको.
अर्धा तास झाला, तिचा आवाज आलेला नाही.

मी वहीत लिहिलं:
सत्तेचाळीस, फेरी एकशे एकोणसाठ, गिअरबॉक्स.
रेघ मारली.
बाहेर उलट्या होड्यांवरचे झाप
वाऱ्यानं उघडत होते, मिटत होते.

मग बाकीच्यांचं लिही, तो म्हणाला,
रात्र आहे अजून.