पाण्याच्या टाकीपर्यंत

डॉक्टरनं सांगितलंय, जेवल्यावर चाला.
म्हणून निघतो आम्ही दोघं टाकीपर्यंत,
हे चार पावलं पुढं,
हातात काठी, कुत्र्यांसाठी म्हणे.
गल्लीत कुत्रं एकच,
ते जब्बारभाईंच्या रिक्षात झोपलेलं असतं.

आज नळ आला होता, नवव्या दिवशी.
सगळ्यांची अंगणं ओली.
मुळ्यांच्या ओट्यावर घागरी, पातेली,
शेवटी चहाची किटलीसुद्धा
भरून, झाकून.

तहसीनच्या अम्मी फाटकातून विचारतात,
"खाना हुआ क्या?"
मी म्हणते, "हौ. पिठलं."
त्या हसतात. त्यांच्याकडंही पिठलंच.

कोपऱ्यावर नवं घर चढतंय.
खिडकीच्या भोकातून
पलीकडच्यांचा टीव्ही दिसतो,
बायका रडतात, आवाज नाही.
हे थांबून बघतात.
विचारलं तर म्हणतात, दम लागला.

टाकीच्या खांबाला हात लावूनच
परत फिरायचं, हा यांचा नियम.
काल मी मुद्दाम नाही लावला.
रात्री काही झालं नाही.
यांना एकदा ठसका लागला, तेवढाच.

आज दोनदा लावला.
खांब ओला होता.
हात पदराला पुसत
मी चार पावलं पुढं निघाले.