नऊ परस

हेडफोन सेकंडहँड, उजव्या गादीचं रेक्झिन सोललेलं,
आणि मी पारोळ्यात, कजगाव नाक्याजवळच्या रिपेरिंगच्या गाळ्यात
शटर अर्धं ओढून
एक रेघ वाकवत बसलोय.

पडद्यावरची रेघ. डावीकडे ढोलाचा मुलूख, उजवीकडे झांजेचा.
चार हजारावर एक खड्डा आहे,
तो हेडफोनचा नाही, सुपडूआप्पाच्या कानाचा.
धुळ्याच्या डॉक्टरने कागदावर काढून दिलाय:
सरळ चालत आलेली रेघ
तिथं अशी कोसळते, जणू वाटेत
कुणी विहीर खणून कठडा बांधायचा विसरला.

विसरलाच. खणणाराही तोच.
तीस वर्षं सुरुंग लावले आप्पाने.
पहारीने भोक, भोकात दारू, वात,
"हटा" म्हणून एक आरोळी.
कानांत बोटं घालणं हे त्याच्या मते बघ्यांचं काम.
दगड फुटत गेला, पाणी लागत गेलं
आणि दर धमाक्याला
च, स, थ यांची थोडी थोडी वाळू झाली.
आता सुनेचं "साखर" त्याच्यापाशी "आखर" होऊन पोचतं.
तो कशालातरी हो म्हणतो
आणि चहा बिनसाखरेचा पितो.

मी चार हजारावर सात डेसिबल चढवले.
सनई चिरकली, आवाज फाटला.
कळायला दोन रात्री गेल्या:
एक जागा उचलायची
तर आधी सगळंच तेवढं खाली आणावं लागतं,
नाहीतर लाटेचा माथा छाटला जातो.
आणलं खाली. मग उचललं.
आप्पा म्हणाला, "आते झांज वाजनी."
एवढंच. आणि पाठ फिरवून काडेपेटी शोधू लागला.

कन्व्होल्यूशनचं प्रकरण वेगळं.
वैशाखात म्हसव्याच्या शिवारात गेलो होतो,
पुरुषोत्तम बोरसेची मोटारसायकल, रेकॉर्डर,
त्याच्या पोरीच्या वाढदिवसातून उरलेले तीन फुगे.
एका कोरड्या विहिरीच्या तळाशी
त्याने टाचणी लावली.
पहिला फुगा वाया, मध्येच पारवा फडफडला.
दुसरा नीट.
फट्,
आणि नंतरचे पावणेतीन सेकंद
जे काही उरलं ते विहिरीचं.

ती फाईल प्लेअरला दिली.
आत काय होतं ते मला समजलं एवढं:
गाण्याचा एकेक कण, सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार,
त्या फुग्यासारखा फुटतो
आणि प्रत्येकाच्या मागे अख्खी विहीर लागते,
एकीचा काठ दुसरीच्या तळात.
एक साधी बासरी होती, बंद खोलीत वाजवलेली,
ती खाली जाऊन बसली आणि तिथून वाजू लागली.

आप्पाच्या डोक्यावर चढवलं, काही न सांगता.
त्याचा अंगठा तर्जनीवर फिरू लागला,
वात वळावी तसा.
मग मोठ्याने, ज्याला स्वतःचं ऐकू येत नाही त्याच्या मोठ्याने:
"हीरमा कोन बसेल शे रे?"
थोडं थांबून:
"नऊ परस. उगवतीले कपार शे, ती मन्हीच चूक.
पानी नही."

कपार होती.
रेकॉर्डर मी तिच्यावरच ठेवला होता,
कारण सावली तेवढीच.
आणि ही विहीर कोणाची, कुठली,
कोणी खणली, मी विचारलंच नव्हतं.

हेडफोन त्याने काढला नाही.
बासरी संपली, पुढचं गाणं लागलं,
तेही त्याने विहिरीतच ऐकलं.
गाळा बंद करायची वेळ झाली तेव्हा म्हणाला,
"पानी चढनं का परत आनजो."

भाद्रपदात जायचं ठरलंय.
पुरुषोत्तमकडे एक फुगा शिल्लक आहे.