कुठल्या बटाट्याचा

फोन खिडकीत ठेवला होता, गोंदाच्या बाटलीला टेकवून,
म्हणून सगळा वर्ग जरा कललेला दिसतो,
आणि मी त्यात उभी, फळ्याची कड धरून,
होडीत पहिल्यांदा चढलेल्या माणसासारखी.

ही बाई मी?
आणि हा आवाज? हा तर आमच्या आत्याचा,
केउई बेटावर सांजवेळी बदकं हाकणारा.
"बरं," म्हणते. परत "बरं."
पंचेचाळीस मिनिटांत एकसष्ट वेळा बरं.
मोजायचं नव्हतं, पण गणिताची बाई, काय करणार.

रात्रीचे अकरा. कास्त्रोत पाऊस आहेच, तो काही सांगायची गोष्ट नाही.
खांबांवरच्या या घरात माझ्या खोलीखाली भरती येते,
जमिनीच्या फळ्यांखाली कुणी भांडी विसळत बसल्यासारखी.
पलीकडे घरमालकीण दोन्या ओतिलिया झोपलीय,
मधली भिंत म्हणजे बिस्किटाच्या डब्याचा पत्रा.
इअरफोनचा एक कान मेलेला.
उरलेल्या कानात मी.

मी उजवीकडेच बघते.
उजवीकडे लाकडांची शेगडी आहे, उजवीकडे कोन्स्तान्सा बारीया आहे,
जिचा हात प्रश्नाच्या आधीच वर असतो.
डावीकडची आठ मुलं मार्चपासून
माझ्या खांद्याकडून शिकतायत.

आणि प्रश्न विचारते तेव्हा
उत्तर उंबऱ्यावर पाय ठेवतंय तोच दार लावून घेते.
एक सेकंद. कधी तोही पुरा नाही.
एवढ्यात तर माणसाला शिंकताही येत नाही.
"विचारल्यावर थांबावे" यावर परीक्षेत पानभर लिहिलं होतं मी,
सातापैकी साडेसहा गुण.

तेविसावं मिनिट.
फळ्यावर एक द्वितीयांश, एक तृतीयांश.
"मोठं कुठलं?"
कोन्स्तान्सा, अर्थातच. अर्धा. छान. बरं.
मागच्या बाकावर लेआंद्रो नाउतो,
त्याच्या बोटांना शिंपल्यांचा वास येतो म्हणून
ज्याच्या शेजारी कुणी बसत नाही
(हेही मला आत्ताच दिसतंय),
त्याचा हात वर येतो, अर्ध्यात थांबतो,
मग कानामागे जाऊन उगाच खाजवू लागतो.
तो काहीतरी म्हणतो. बाकाला.

आठ वेळा मागे नेलं.
जिवंत कान तळव्याने दाबून धरला.
खडू. खुर्चीचा पाय. माझं बरं.
आणि त्याच्या खाली, तळाशी,
"कुठल्या बटाट्याचा?"

खालचं पाणी ओसरायला लागलं तरी मी तशीच बसले होते.
त्याच्या घरी बटाटे मातीतून निघतात, पुस्तकातून नाही.
एक मुठीएवढा, एक करंगळीएवढा,
भावंडं चार, आणि शेवटच्याला काय उरतं
हे त्याला माझ्याआधी ठाऊक.
पुस्तकातले गोल मात्र सगळे सारखे, कंपासने काढलेले.
आणि पडद्यावर मी
फळा पुसतेय, नीट, कोपऱ्यांपासून.

सोमवारी दोन बटाटे नेले, एक मोठा जांभळा, एक इवलासा,
शाळेत सुरी चालत नाही म्हणून घरूनच कापून.
लेआंद्रो नव्हता. बापाबरोबर शिंपल्यांच्या दोऱ्या ओढायला गेलेला.
दुपारपर्यंत फोडी काळ्या पडल्या.
मंगळवारी नवे बटाटे. बुधवारी नवे.
दोन्या ओतिलिया म्हणाली, पोरी, भाड्यातून कापू का?

गुरुवारी तो आला, ओल्या बुटांनी.
फोन पिशवीतच राहू दिला.
मी डावीकडे जाऊन उभी राहिले आणि विचारलं.
कोन्स्तान्साचा हात वर. तिच्याकडे पाहून नुसती हसले.
एक. दोन.
शेगडीत ओलं लाकूड तडकलं.
तीन. बरं दातांपर्यंत आलं, गिळलं.
चार. कुणीतरी खोकलं, माझ्याच वतीने असावं.
पाच.
लेआंद्रोने लहान बटाट्याची फोड उचललीय,
उजेडात धरून उलटीपालटी करतोय.
त्याला काही घाई नाही.