रिओ मायोच्या पंपावर

गुरुवारी सहाला मी ट्रक पंपाच्या मागे लावतो,
तिथं भिंतीला चिकटून दोन काड्या रेंज मिळते.
पासवर्ड पंपावरच्या पोरीनं पावतीच्या पाठीवर लिहून दिलाय.
तिला वाटतं, मी फुटबॉल बघतो.
वाटू दे.

मागे नऊ टन लोकर, गाठोड्यांत दाबलेली,
वास मात्र दाबता येत नाही.
फोन स्टिअरिंगला रबरानं बांधतो.
बाई दूर रोसारिओत. ओर्मायचेआ बाई.
त्यांच्या मागे पुस्तकं, आणि पुस्तकांच्या पुढे
इस्त्रीचं टेबल, जे हलवायचं दर वेळी राहून जातं.
खरं सांगायचं तर त्या टेबलामुळेच
मी दुसऱ्यांदा आलो.

कंपनीच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं होतं: ताण.
मी म्हटलं, ताण दोरखंडाला असतो, ताडपत्रीला असतो.
तो हसला नाही.
पुन्हा दंडाला पट्टा आवळला.

पहिले तीन गुरुवार मी वाऱ्याबद्दल बोललो.
आमच्याकडचा वारा आहेच तसा,
दार बेसावध उघडलं तर बिजागरीसकट नेतो.
बाई ऐकत राहिल्या.
चौथ्या गुरुवारी म्हणाल्या, "आणि नेलिदा?"

नेलिदा घरी असते.
मी घरी असतो तेव्हा येर्बाचं भांडं एकच, नळी एकच.
ती पिते, पाणी भरते, पुढे करते.
मी पितो, परत देतो.
हाताला हात लागू न देता एक भांडं कसं फिरवायचं
हे आम्हाला अडीच वर्षांत
फार चांगलं जमायला लागलंय.

आज काही ठरवून आलो नव्हतो.
बाईंनी विचारलं, अडीच वर्षांपूर्वी काय झालं?
म्हटलं, तिची आई गेली. जुलैत, एस्केलला.
मी टेकात होतो, शंभर किलोमीटरच्या आत.
बर्फ पडत होता.
तिला फोनवर सांगितलं, रस्ता बंद आहे.

मग काचेवरची धूळ बोटानं पुसत,
पडद्याकडे न बघता, म्हणालो:
रस्ता उघडा होता.
माझ्या डोळ्यांसमोरून दुधाची गाडी गेली,
मग एक बस, माणसांनी भरलेली.
मी केबिनमध्ये हीटर लावून डब्यातले मासे खात बसलो होतो.
रडताना ती कुणाला तरी घट्ट धरणार,
आणि तो कुणीतरी मीच असणार,
एवढंच डोक्यात होतं.
दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो.
गावाच्या वेशीवर थांबून
कोरड्या चाकांना साखळ्या बांधल्या.
तिला दिसाव्यात म्हणून.

वर बघितलं तर बाई थिजलेल्या.
डोळे अर्धे मिटलेले, ओठ एका बाजूला, हात कपाळाशी.
वाटलं, झालं. ऐकलं आणि दगड झाली बाई.
मग मधोमध ते गोल चक्र फिरताना दिसलं.

"आउरेलियो? तुमचा आवाज गेला होता.
बर्फापर्यंत ऐकलं. पुढे?"

पुढे.
सुटता आलं असतं.
रस्ता बंद होता हे वाक्य
मी इतक्यांदा वापरलंय, की ते आपोआप घसरत येतं.
पण ते यायला निघालं आणि घशातच अडकलं,
तिथं आता दुसरंच काहीतरी बसलं होतं.
म्हटलं, बाई, आज इथंच थांबू का?
उरलेली बावीस मिनिटं मला दुसरीकडे लागतील.
त्यांनी विचारलं नाही, कुठे.
"रेंज टिकतीय तोवर करा," म्हणाल्या,
आणि इस्त्रीच्या टेबलासकट गेल्या.

सहाव्या रिंगला नेलिदानं उचलला.
हॅलो नाही, काही नाही.
इतक्या वर्षांत लागलेली सवय:
"काय, रस्ता बंद आहे का?"

नाही, म्हटलं.
तेव्हाही नव्हता.

तिच्यामागे नळ वाहत होता.
बराच वेळ वाहत राहिला.
मग तिनं तो बंद केला.