वाकुली

उदगीरहून सकाळी सातची बस.
मन्मथ मांडीवर, तीन वर्षांचा.
एक रुमाल त्याच्या गळ्याला, दुसरा माझ्या खांद्यावर,
पिशवीत आणखी चार.
जीभ बाहेरच. आत मावत नाही.
वर भिजल्या साबुदाण्यासारखे दाणे,
काही पाणीदार, काही तांबडे.
भाकरीचा पापुद्रा लागला तरी रक्त.

शेजारची बाई विचारते,
"गिराणात काही चिरलं होतं का गं?"
मी खिडकी सरकवते.
भेंडी.
भेंडी चिरली होती.
चार वर्षं झाली, घरात आणली नाही.

लातूरला मुरुडकर मॅडम म्हणाल्या,
लसिकेच्या नळ्या पोटातच वेड्यावाकड्या गुंततात.
सुईनं औषध सोडू, आटेल हळूहळू, सगळं नाही.
ह्यात तुमची चूक नाही.
मी म्हटलं, केसपेपरवर लिहा.
त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं,
लिहिलं. मराठीत. खाली सही.
तो कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला.
दोनदा.

तिसऱ्या सुईनंतर जीभ आधी आणखी सुजली,
ती रात्र त्याला उभा धरून काढली,
श्वास मोजत.

काल नळावर शेजारीण आली,
नेहमीसारखी टक लावून बघत राहिली.
मन्मथनं तोंड मिटलं.
ओठाला ओठ.
तसाच थांबला जरा वेळ,
आणि मग मुद्दाम, तिच्याकडे बघून,
जीभ काढली बाहेर
आणि पळाला.

"मोठ्या माणसांना असं करू नये रे,"
मी ओरडले मागून,
इतर आया ओरडतात तशी.