हात पुढे कुठे गेला

लॉबीत शिरलं की समोरच ती.
दोन मजले उंच, मागे मास नदी,
हात हवेत, बोटं किंचित धूसर,
आणि पायाशी आमचं वाक्य:
'इथे प्रत्येक आवाज ऐकला जातो.'

अक्षरं मीच बसवली.
'आवाज' जरा मोठा ठेव, खेर्बेन म्हणाला.
ठेवला.

जेनिरा एव्होरा, दावे विभाग, चौथा मजला.
आजोबा केप व्हर्देहून जहाजावर कोळसा ओढत आलेले,
ही इथे, रॉटरडॅममध्येच जन्मली. जन्मापासून बहिरी.
फोटोच्या दिवशी फोटोग्राफर मला म्हणाला,
तिला सांग, हातांनी काहीतरी बोल.
काय बोलू, तिने भुवयांनी विचारलं.
मी कागदावर लिहिलं: काहीही.
तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि बोलली.
बराच वेळ बोलली.
त्यातला एक क्षण आम्ही ठेवला,
ज्यात उजेड चांगला होता.

सोमवारच्या बैठकीत ती खिडकीला पाठ करून बसायची,
आमच्या ओठांवर प्रकाश पडावा म्हणून.
आम्ही कपाआडून बोलायचो,
फळ्याकडे तोंड करून बोलायचो,
तिघं-चौघं एकदम हसायचो.
ती माझी बाही ओढायची.
'काही नाही गं, नंतर सांगते.'
माझ्या ओठांवरचं एवढं एक वाक्य
तिला नक्की वाचता येत असणार.

दुभाष्यासाठी तिचे सहा अर्ज आले.
तासाला सत्तर युरो.
(पोस्टरचं बिल माझ्याच हातून गेलं:
अकरा हजार चारशे. शिडीवाल्यांचे वेगळे.)
नाही कुणीच म्हणालं नाही तिला.
नाही म्हणायला आधी कानावर घ्यावं लागतं;
तिचा अर्ज या टेबलाच्या कानामागून
त्या टेबलाच्या कानामागे गेला,
इतक्या हळुवारपणे,
की सगळ्यांनाच वाटलं तो पुढे सरकतोय.

ऑक्टोबरात आगीची तालीम झाली.
घंटा वाजली, आम्ही खाली, वाऱ्यात, कोट नसताना.
मोजणी झाली. एकशे बारा. एक कमी.
पुन्हा मोजा, खेर्बेन म्हणाला.
मी मान वर केली.
काचेतून पोस्टर दिसत होतं,
त्याच्या बरोब्बर वर, चौथ्या मजल्यावर,
टेबलावरचा एक दिवा.
ती कुणाच्या तरी गळक्या छताचा दावा तपासत बसली होती.
कागदोपत्री
त्या दिवशी ती जळाली.
चमकणारा दिवा पुढच्या तिमाहीत बसवू, असं ठरलं.

मार्चमध्ये तिचा करार वाढवला नाही.
जाताना मुलाखत घेतात, तशी तिचीही ठेवली.
मला कॅलेंडरात दिसली:
वेळ साडेतीन. माध्यम फोन.
मी दोनदा वाचलं. कानकोंडी झाले.
आणि गप्प बसले.
मला तर बोलता येतं.

काल एक कुरिअरवाला आला, कोवळा, ओठावर नुकती लव.
खोकं टेकवून पोस्टरसमोर उभा राहिला,
आणि त्याचे हात आपसूक थोडे उचलले गेले,
आपण वाचताना पुटपुटतो तसे.
मी धावत जाऊन कागद पुढे केला:
काय म्हणतेय ती?
तो बराच वेळ बघत राहिला.
मग लिहिलं:
अर्धंच आहे. हात पुढे कुठे गेला
त्यावर ठरेल.
पेन परत देता देता थांबला,
खाली आणखी एक ओळ लिहिली:
तुम्ही होतात का तिथे?

मी होते.
दिव्याची छत्री धरून, तिच्यापासून दोन हातांवर.

सहीसाठी त्याने यंत्र पुढे केलं.
मी काचेवर बोटाने माझं नाव काढलं,
नेहमीसारखंच,
कुणालाही वाचता न येणारं.